ऐंशी टनाचं इंजिन पुरात वाहून जातंय का? जॉन्सटाउनचा पूर एका पी-वेवाल्याच्या नजरेतून

प्रश्न आपल्या सोलापुरातल्याच एका पोराचा आहे, सिव्हिल डिप्लोमाला आहे तो. अमेरिकेतल्या १८८९ च्या जॉन्सटाउनच्या पुराबद्दल (वरच्या अंगाचा बांध फुटून हे गाव वाहून गेलं होतं) त्यानं वाचलं आणि तीन गोष्टी विचारल्या. ऐंशी टनाचं इंजिन पाणी वाहून नेतंय हे खरं का. रेल्वेचे पूल अजून मजबूत असते तर गाव वाचलं असतं का. आणि एवढं सगळं धुवून गेल्यावर पंधरवड्यात लाइन परत चालू कशी केली, आपल्याकडं एक मोरी, म्हणजे लाइनखालचा छोटा पूल, बांधायला दोन वर्षं लागतेत.

मी रेल्वेत पी-वेला होतो, म्हणजे रूळ, खडी, भराव, मोऱ्या हे सगळं सांभाळणारं खातं. चौतीस वर्षं झाली, त्यातली बरीचशी कुर्डुवाडी ते अक्कलकोट रोड ह्याच पट्ट्यात गेली. जॉन्सटाउन काय मी बघितलेलं नाही, पण पाणी लाइनला काय करतंय ते बघितलंय, त्यामुळं त्या पुराबद्दल जेवढं वाचलं तेवढं ह्या नजरेनं वाचलं.

पहिलं इंजिनाचं घेऊ, ते सोपं आहे. गणित स्वतः करून बघ. पाणी सेकंदाला ६ मीटरनं येत असेल तर आडव्या असलेल्या वस्तूवर दर चौरस मीटरला साधारण १.८ टन दाब येतो. इंजिनाची बाजू १५ मीटर लांब आणि ३ मीटर उंच धर, ४५ चौरस मीटर झाले, म्हणजे ऐंशी टनाच्या इंजिनाला ऐंशी टनाचाच धक्का बसला. आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, दुप्पट नाही, इथंच लोक फसतेत. मोटारसायकल घेऊन ओढ्याच्या पुलावरनं जाणारे पण इथंच फसतेत म्हणा. जॉन्सटाउनची लाट २२-२३ किलोमीटरचं अंतर ५७ मिनिटांत आली, सरासरी काढली तर सेकंदाला साडेसहा मीटर पडते आणि अरुंद घळीत त्याच्या कितीतरी वर गेली असणार. ७७ टनाचं एक इंजिन जागेपासून सुमारे दीड किलोमीटरवर सापडलं अशी नोंद आहे. खोटं काही नाही त्यात.

पण नुसतं पाणी नव्हतं ते. घरं, झाडं, डबे, तारा, दगड, सगळं घेऊन आलेला डोंगर होता. ह्या सगळ्या गोष्टीची किल्ली इथंच आहे, पुराचं पाणी रेल्वेला जेवढं मोडत नाही तेवढं अडलेलं पाणी मोडतंय. आणि अडवतंय कोण, तर बऱ्याचदा माणूस, आणि त्यातही बऱ्याचदा रेल्वे स्वतः.

बांधाची गोष्ट बघ ना. साउथ फोर्कचा हा मातीचा बांध, २२ मीटर उंच, पावणेतीनशे-एक मीटर लांब, पेनसिल्व्हानिया राज्य सरकारनं कालव्याला पाणी पुरवायला बांधलेला. १८५३ ला पुरा होईस्तोवर शेजारनं रेल्वे आली आणि कालव्याची किंमतच गेली. १८५७ मध्ये कालवा, बांध, सगळंच पेनसिल्व्हानिया रेलरोडनं विकत घेतलं. म्हणजे ज्या पाण्यानं पुढं ह्या रेल्वेचं यार्ड धुवून नेलं ते तळं एकेकाळी तिचंच होतं! रेल्वेला तळ्याचं काय करायचंय, पडून राहिलं. १८६२ ला बांध एकदा फुटला पण, तळं निम्मंअर्धं रिकामं असल्यानं निभावलं. १८७५ ला विकलं. घेणाऱ्यानं बांधाच्या तळातले पाणी सोडायचे लोखंडी पाइप काढून भंगारात घातले. नंतर ते गेलं पिट्सबर्गच्या श्रीमंतांच्या मासेमारी क्लबकडं. त्यांनी बांध दुरुस्त केला पण पाइप काही परत बसवले नाहीत, वरनं बग्ग्या जायला रस्ता रुंद पाहिजे म्हणून बांधाचा माथा खाली घेतला, आणि विकत आणून सोडलेले मासे पळून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. आता मजा बघ, रेल्वेच्या पिट्सबर्ग डिव्हिजनचा सुपरिंटेंडंट रॉबर्ट पिटकेर्न हा स्वतः त्या क्लबचा मेंबर. खाली लाइन कुणाची? त्याचीच.

३१ मे १८८९. आदल्या रात्रीपासनं पाऊस, २४ तासांत १५० ते २५० मिलिमीटर. जाळीला कचरा अडकला, सांडवा चोंदला, पाणी बांधावरनं चाललं. मातीच्या बांधावरनं पाणी एकदा वाहायला लागलं की संपलं, मागच्या उतारापासनं कुरतडत येतंय ते. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांच्या सुमारास बांध गेला आणि जवळपास दोन कोटी टन पाणी सुटलं.

हे वाचलं तेव्हा मला अमेरिका आठवलीच नाही, आपल्याकडचा एक पाझर तलाव आठवला. आपला जिल्हा दुष्काळी. ७२ च्या दुष्काळात खडी फोडायची, बंडिंगची, तलावाची कामं निघाली, नंतर रोजगार हमीत तेच चाललं, त्यामुळं लाइनच्या वरच्या अंगाला असले मातीचे बांध किती आहेत बघायचं तर माळावर चढून बघावं लागतंय. एका वर्षी सप्टेंबरात चांगला पाऊस झाला म्हणून मी ट्रॉली सोडून एका नाल्याच्या वर चालत गेलो. दोन-अडीच किलोमीटरवर तलाव. सांडव्यावर कुणीतरी पोत्यात वाळू भरून हाताएवढी थर लावलेली, पाणी जास्त थांबावं म्हणून, आणि त्याच्यावर मासे अडवायला जाळं! विचारलं तर शेजारचा शेतकरी म्हणाला, साहेब पाणी कुणाला नको झालंय का, आठ महिने टँकर येतोय इथं. काय बोलणार त्याला, खरंच बोलला तो. तलाव ज्यांच्या ताब्यात त्यांना पत्र दिलं, उत्तर आलं नाही, दुसरं दिलं, तिसऱ्याच्या आधी आमच्या गँगनंच त्या शेतकऱ्याला चहा पाजून पोती बाजूला केली. कुणाच्या कागदावर नाही हे.

रेल्वेत ह्याला आरएटी म्हणतेत, रेल्वे अफेक्टिंग टँक, म्हणजे फुटला तर लाइनवर येईल असा तलाव. त्याचं रजिस्टर असतंय, पावसाळ्याआधी राज्य सरकारच्या लोकांबरोबर जाऊन बघायचं असतंय. २९ ऑक्टोबर २००५ ला तेव्हाच्या आंध्रात वलिगोंड्याजवळ पहाटे डेल्टा पॅसेंजर गेली ती अशाच तलावानं. वरचा तलाव फुटला, छोटा पूल गेला, गाडी सरळ त्या खड्ड्यात. शंभराच्या वर माणसं. मोठी नदी नव्हती ती, हे लक्षात ठेव. कृष्णेवरच्या, भीमेवरच्या पुलाला सगळे घाबरतेत, त्याच्यावर वॉचमन असतोय, डेंजर लेव्हलची पट्टी रंगवलेली असतेय. जी मोरी वर्षातले साडेअकरा महिने कोरडी असतेय आणि जिच्यातनं शेळ्या जातेत ती रात्री दोन वाजता गाडी घालवतेय.

आता दुसरा प्रश्न, पूल मजबूत असते तर. इथं जॉन्सटाउनमध्ये दोन पुलांनी दोन वेगवेगळी उत्तरं दिलीत आणि दोन्ही वाईट.

पहिला कोनेमॉ व्हायाडक्ट. १८३३ सालची दगडी एक कमान, सत्तर-पंच्याहत्तर फूट उंच, नदी तिथं तीनेक किलोमीटरचा वळसा मारून येते तो वळसा टाळायला बांधलेली. लाटेबरोबर आलेला सगळा कचरा कमानीत जाऊन बसला आणि कमानच बांध झाली. सुमारे सात मिनिटं पाणी मागं तुंबलं. खालच्या माणसाला त्या सात मिनिटांत वाटलं असणार की चला, गेलं संकट. मग व्हायाडक्ट कोसळला आणि मूळ बांध फुटला होता तसाच दुसऱ्यांदा लोंढा सुटला, उलट अरुंद घळीत, जास्त जोरात. खालचं मिनरल पॉइंट गाव साफ धुवून निघालं.

म्हणून आमच्या जुन्या मेटनं, म्हणजे गँगच्या मुकादमानं, मला पहिल्याच पावसाळ्यात एक गोष्ट सांगितली होती. म्हातारा बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीच्या काळापासनं लाइनवर होता, सहीपुरतं लिहायचा. म्हणाला, नाला वाढला तर बत्ती घेऊन उभं राहा, पण वर पाऊस चालू असताना नाला एकदम उतरला तर पटाखे (चाकाखाली फुटून ड्रायव्हरला सावध करणारे) रुळावर लावा आणि गाडी थांबवा, कारण पाणी कुठं तरी बसलंय. हे मला कुठल्या मॅन्युअलात शोधूनही सापडलं नाही. कोनेमॉची ती सात मिनिटं वाचली तेव्हा म्हातारा आठवला.

त्याच्या खाली ईस्ट कोनेमॉचं यार्ड. इंजिनशेड, तीसेक इंजिनं, आणि पुरामुळं पुढची लाइन बंद म्हणून थांबवून ठेवलेल्या पॅसेंजर गाड्या, त्यात डे एक्स्प्रेस. लोक सकाळपासनं डब्यात बसून कंटाळलेले. वरच्या बाजूला जॉन हेस नावाचा ड्रायव्हर कामाच्या गाडीचं इंजिन घेऊन होता, त्याला आवाज आला, दिसायच्या आधी आवाज. त्यानं शिट्टीची दोरी ओढून बांधून टाकली आणि इंजिन उलटं पळवत यार्डाकडं आला, शिट्टी अखंड चालू. इंजिन सोडून उडी मारली, घरच्यांना घेऊन टेकडीवर पळाला, वाचला. शिट्टी मात्र लाटेनं इंजिन गिळेपर्यंत वाजत होती. त्या शिट्टीनं किती जीव वाचवले ते मोजता येत नाही, पण डब्यातनं उतरून टेकडीकडं पळाले ते बरेच वाचले, चिखल होईल म्हणून किंवा चपला-सामान घ्यायला थांबले त्यातले गेले.

आणि सूचना नव्हती का? होती की. जॉन पार्क नावाचा तरुण इंजिनिअर घोड्यावरनं साउथ फोर्कला आला, तिथनं धोक्याच्या तारा (टेलिग्राम) पाठवल्या, त्या रेल्वेच्याच तारायंत्रावरनं गेल्या. पण दरवर्षी पाऊस झाला की बांध फुटणार अशी आवई उठायची, कुणी मनावर घेतली नाही. हे मी हसून सोडू शकत नाही कारण आमच्या कंट्रोल रूमला पण रात्रीत दहा फोन असे येतेत आणि त्यातले नऊ खोटे असतेत. खुद्द पिटकेर्न त्या दुपारी गाडीनं जॉन्सटाउनकडंच निघालेला, गावाच्या काही किलोमीटर अलीकडं त्याची गाडी थांबली आणि समोर नदीतनं घरांचे वासे आणि माणसं वाहत येताना त्यानं बघितली.

दुसरा पूल म्हणजे गावाच्या खालच्या टोकाचा रेल्वेचा दगडी पूल. सात कमानी, वर्ष-दोन वर्षांपूर्वीच बांधलेला. हा टिकला. टिकला कारण पक्का होता आणि लाटेचा सरळ मार शेजारच्या डोंगरानं खाल्ला. पण कमान कमी उंचीची आणि आलेला माल प्रचंड. सगळं गाव येऊन त्या सात कमानींना चिकटलं, तीसेक एकर ढीग, त्यात वरच्या तारेच्या कारखान्यातली काटेरी तार गुंडाळली गेलेली, म्हणजे माणूस अडकला तर निघणं नाही. संध्याकाळी त्याला आग लागली. पुरातनं जिवंत आलेली ८० च्या आसपास माणसं तिथं जळाली असं सांगतेत. एकूण मेले २,२०९.

म्हणजे मजबूत पूल असता तर? एक पडला म्हणून मारलं, एक उभा राहिला म्हणून मारलं. प्रश्नच चुकतोय. विचारायचं असतंय की पुलाखालनं किती पाणी जाईल आणि पाण्याबरोबर आलेलं झाड जाईल का. आम्ही त्याला वॉटरवे म्हणतो. पुलाचा गाळा कमी पडला की पूल म्हणजे बांध आणि भराव म्हणजे बांधाची भिंत, वरच्या बाजूला पाण्याचा फुगवटा. आपली लाइन मोहोळवरनं सोलापुरात १८६० ला आली, तेव्हाच्या इंग्रजांनी बऱ्याच ठिकाणी दगडी कमानी सढळ हातानं दिल्या. आता त्याच कमानीच्या तोंडाला आपण राडारोडा टाकतो, वेड्या बाभळी वाढतेत आणि वर कुणी प्लॉटिंग करून ओढाच वळवतोय. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेनं माढा-मोहोळची गावं पाण्यात घातली तेव्हा बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं की सीना पण नदी आहे.

आणि भराव कसा जातो ते पण सांगतो कारण डिप्लोमाच्या पुस्तकात हे उलट्या क्रमानं येतंय. पाणी रुळावरनं चाललं की आधी खडी जाते. मग ज्या बाजूला पाणी पडतंय त्या बाजूचा पायथा. काळ्या मातीचा भराव असेल तर उन्हाळ्यात त्याला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतेत, त्यात पाणी शिरतं, घुशी-उंदरांची बिळं वेगळीच. शेवटी भराव गेलेला असतो आणि रूळ स्लीपरसकट (रुळाखालच्या आडव्या ठोकळ्यांसकट) हवेत लटकत असतेत, शिडीसारखे. ह्यात फसवं काय? रूळ अखंड असल्यानं सिग्नलला काही कळत नाही. ट्रॅक सर्किट म्हणतंय लाइन मोकळी, सिग्नल हिरवा. खाली जमीनच नाही हे फक्त कंदील घेऊन चालणाऱ्या पेट्रोलमनला कळतंय. आता त्याच्याकडं जीपीएस असतंय, पण भिजत चालायला माणूसच लागतो.

अजून एक. पाणी उतरलं की लोक सुटकेचा श्वास सोडतेत, मी तेव्हा जास्त घाबरायचो. भरलेल्या भरावाला बाहेरून पाण्याचा टेकू असतोय, पाणी पटकन उतरलं की टेकू गेला आणि आतली माती चिंब, मग अख्खी बाजू बसते. पुलाच्या खांबाचं पण तेच. भर पुरात खांबाच्या बुडाशी खड्डा पडतो, पाणी ओसरताना तोच खड्डा सैल गाळानं भरतो, दुसऱ्या दिवशी बघायला गेलं तर सगळं सपाट, छान. सळई घालून बघितल्याशिवाय त्या छानवर विश्वास ठेवायचा नसतो.

पैशाचा मार वेगळा, त्यावर थोडक्यात. १९७२ च्या जूनमध्ये अमेरिकेत ॲग्नेस चक्रीवादळाचा पाऊस झाला, आधीच कर्जात असलेल्या एरी लॅकावाना रेल्वेची लाइन जागोजाग धुतली गेली आणि २६ जूनला ती कंपनी दिवाळखोरीत गेली. पुढं १९७६ ला तिचा मोठा भाग कॉनरेल ह्या सरकारी कंपनीत गेला. ७२ साली इकडं आपले आईबाप पाण्याविना खडी फोडत होते, म्हणून ते साल माझ्या डोक्यात बसलंय. पेनसिल्व्हानिया रेलरोडला १८८९ चा पूर पचला कारण ती तेव्हा अमेरिकेतल्या सगळ्यात श्रीमंत रेल्वेंपैकी होती. त्याच पावसानं तिचे जुनियाटा खोऱ्यातले पूल पण नेले होते.

तिसरा प्रश्न, दोन आठवड्यात कसं केलं. त्यांनी कायमचं काही बांधलंच नाही आधी. पिट्सबर्गच्या बाजूनं एक-दोन दिवसांत गाड्या गावाच्या कडेपर्यंत आणल्या, कारण माल आला तर काम होतंय, कामाला माल रेल्वेनंच येतोय. दगडी पुलाला अडकलेला ढीग डायनामाइटनं फोडला. व्हायाडक्टच्या जागी लाकडी टेकूंचा तात्पुरता पूल उभा केला, अमेरिकेत तेव्हा लाकूड मुबलक आणि लाकडी पूल उभारणारे सुतार प्रत्येक डिव्हिजनला. हजारो माणसं, रात्रंदिवस, आणि कुणाची परवानगी घ्यायची नव्हती. गावाखालचा तो सात कमानींचा दगडी पूल आज पण वापरात आहे बरं का, गाड्या जातेत त्याच्यावरनं.

आपण पण करतो की. १९६४ च्या डिसेंबरात रामेश्वरजवळ वादळानं धनुष्कोडीची पॅसेंजर अख्खी समुद्रात नेली आणि पांबन पुलाचे बहुतेक गर्डर गेले, तेव्हा सहा महिन्यांची मुदत होती, ई. श्रीधरन ह्यांनी ४६ दिवसांत चालू केला. गर्डर समुद्रातनं शोधून, उचलून, परत बसवले. नवीन बनवत बसले असते तर सहा महिने पण पुरले नसते. तुला जी दोन वर्षं दिसतेत ती कायमच्या मोरीची असतेत, चालत्या गाड्यांखाली, ब्लॉक मिळेल तेव्हा. लाइन तुटली तर पहिली गाडी किती वेळात सोडायची हे वेगळं काम आहे आणि ते आपल्या गँगला चांगलं येतंय. बोल्डर भरलेल्या वाघिणी (मालडबे) पावसाळ्याआधीच भरून ठेवलेल्या असतेत. खड्डा बोल्डरनं भरायचा, तारेच्या जाळीत दगड बांधून पायथा धरायचा, पाणी जायला जागा पाहिजे तिथं स्लीपरचे चौकोन रचून त्यावर रूळ जोडून ठेवायचे. माझ्या हाताखाली एकदा अशी जागा सव्वीस तासांत चालू झाली, पोरं उभ्या उभ्या पिठलं-भाकरी खाऊन परत कामाला.

मग पहिली गाडी सोडायची, ती शक्यतो रिकाम्या वाघिणींची, १० च्या स्पीडनं, आणि आपण स्वतः खाली भरावाच्या पायथ्याला उभं राहून बघायचं स्लीपर किती दबतंय ते. मग २०, मग ३०. त्या सव्वीस तासांच्या जागेला मी पुढचा अख्खा पावसाळा ३० च्या वर जाऊ दिलं नाही, गाड्या लेट होतेत म्हणून रोज फोन यायचा, रोज मी म्हणायचो भराव अजून बसतोय साहेब, आणि रोज सकाळी जाऊन मोजायचो, तर खरंच बसत होता, ऑक्टोबर संपेपर्यंत सगळा मिळून वीतभर खाली गेला.